ॲपलनं पॉवरपीसीवरून इंटेलवर बिऱ्हाड कसं हलवलं

कॉम्प्युटर कंपनीनं प्रोसेसर बदलला असं वाचलं की बऱ्याच जणांना वाटतं आतली एक चिप काढली, दुसरी बसवली, झालं काम. तसं नसतं. प्रोसेसरची फॅमिली बदलली की त्या मशीनसाठी आजवर लिहिलेला एकूण एक प्रोग्रॅम परका होतो, कारण प्रोग्रॅम शेवटी त्या चिपला कळणाऱ्या आज्ञांमध्येच असतो आणि नव्या चिपला त्या आज्ञा कळतच नाहीत. म्हणजे चिप तुमची, मशीन तुमचं, पण त्यावर चालणारं सॉफ्टवेअर हजारो दुसऱ्या लोकांच्या हातात, आणि त्या सगळ्यांना सोबत घेऊन बिऱ्हाड हलवायचं. ॲपलनं हे तीनदा केलंय, १९९४ मध्ये, २००६ मध्ये आणि २०२० मध्ये. त्यातलं मधलं प्रकरण मला सगळ्यात अभ्यास करण्यासारखं वाटतं, कारण त्यात तयारी किती आधीपासून होती आणि एवढी तयारी असूनही गाडी कुठं अडली, हे दोन्ही स्वच्छ दिसतं.

थोडं मागचं. सुरुवातीचे मॅक मोटोरोलाच्या ६८००० या फॅमिलीवर चालायचे. १९९१ ला ॲपल, आयबीएम आणि मोटोरोला या तिघांनी हातमिळवणी केली आणि त्यातून पॉवरपीसी ही चिप आली, १९९४ च्या मार्चमध्ये पहिले पॉवर मॅकिंटॉश बाजारात आले. पुढची काही वर्षं मॅकवाले लोक इंटेलला अक्षरशः शत्रू मानायचे. ॲपलनं तर इंटेलची टर उडवणाऱ्या जाहिराती केल्या होत्या, एकीत इंटेलच्या जाहिरातीतला तो चकचकीत सूटवाला माणूसच भाजून निघालेला दाखवला होता. त्यामुळे इंटेलवर जायचं ही गोष्ट टेक्निकल तर होतीच पण मानापमानाचीही होती, आणि मला वाटतं हे लक्षात घेतल्याशिवाय २००५ च्या घोषणेचा धक्का किती मोठा होता ते कळत नाही.

आता मुळात सोडायचं का ठरवलं? जून २००३ मध्ये पॉवर मॅक जी५ आला, आत आयबीएमची पॉवरपीसी ९७० चिप, २ गिगाहर्ट्झपर्यंत स्पीड. स्टीव्ह जॉब्सनं स्टेजवर सगळ्यांसमोर सांगून टाकलं की बारा महिन्यांत ३ गिगाहर्ट्झ देऊ. बारा महिन्यांनी काय आलं तर २.५, आणि तेही आत पाणी फिरवून थंड करावं लागणारं, म्हणजे गाडीला असतो तसा रेडिएटर कॉम्प्युटरच्या पोटात. दोन वर्षांनी गाडी २.७ वर पोचली. ३ कधी आलंच नाही. आणि डेस्कटॉपचं एक वेळ चाललं असतं हो, मोठा डबा आहे, पंखे लावा, पाणी फिरवा, पण लॅपटॉपचं काय? जग सरळ सरळ लॅपटॉपकडे चाललं होतं आणि ॲपलचा सगळ्यात भारी लॅपटॉप जुन्या जी४ वर, म्हणजे पॉवरपीसीच्याच आधीच्या पिढीवर, १.६७ गिगाहर्ट्झला येऊन थांबला होता, त्यातही मेमरीशी बोलणारी बस १६७ मेगाहर्ट्झची, म्हणजे प्रोसेसर काम करायला तयार आणि माल येतोय बैलगाडीनं. जी५ लॅपटॉपमध्ये बसवायचा म्हणजे उष्णतेचं महासंकट आहे अशा अर्थाचं खुद्द टिम कुक २००५ च्या सुरुवातीला बोलून गेला होता.

इथं आयबीएमला नुसती शिवी देऊन भागत नाही. आयबीएमच्या जागी बसून बघा. ॲपल वर्षाला काही लाख जी५ मशीन विकणार, आणि त्यासाठी खास कमी वीज खाणारी लॅपटॉपची चिप डिझाइन करायची म्हणजे मोठा खर्च. त्याच वेळी एक्सबॉक्स ३६०, प्लेस्टेशन ३ आणि निन्टेंडोचा वी, तिन्ही गेमिंग कन्सोल आयबीएमच्या पॉवर घराण्यातल्या चिप घेऊन येत होते, म्हणजे कोट्यवधींच्या ऑर्डरी. कुठलाही धंदेवाला तिकडेच बघणार. एक गंमतीशीर गोष्ट, एक्सबॉक्स ३६० च्या गेम बनवणाऱ्यांना मायक्रोसॉफ्टनं सुरुवातीला चक्क पॉवर मॅक जी५ मशीनं दिली होती, कारण चिप एकाच घराण्यातली. म्हणजे पॉवरपीसी ही चिप म्हणून मेलेली नव्हती, ती भलत्याच बाजारात निघाली होती, आणि ॲपल त्या बाजारात छोटं गिऱ्हाईक होतं. पुरवठादाराच्या यादीत आपण खाली गेलो की आपला रोडमॅप दुसऱ्याच्या हातात जातो, माझ्या मते या प्रकरणाचं मूळ इथं आहे, गिगाहर्ट्झ हे नुसतं बाहेर दिसलेलं लक्षण.

इंटेलकडे तेव्हा पेन्टियम ४ होता आणि तोही तापणाराच होता, पण ॲपलनं तो पाहून निर्णय घेतला नाही. इंटेलच्या इस्राएलमधल्या टीमनं लॅपटॉपसाठी पेन्टियम एम बनवला होता आणि त्याच वाटेनं पुढं कोअर ड्युओ ही दोन कोअरची चिप येणार होती. जॉब्सनं कीनोटमध्ये एकच आकडा पुढं ठेवला, एका वॉटमागे किती काम होतं. पुढच्या काळाच्या रोडमॅपप्रमाणे पॉवरपीसीचे १५ युनिट आणि इंटेलचे ७०. कंपनीनं स्वतःच्या बाजूनं दाखवलेला आकडा आहे तेव्हा मीठ लावूनच घ्यायचा, पण प्रश्न बरोबर विचारलेला होता. स्पीड किती हे विचारायचं सोडून विजेच्या हिशोबात स्पीड किती हे विचारलं.

आता खरी गोष्ट. ६ जून २००५, सॅन फ्रान्सिस्कोचं मॉस्कोनी सेंटर, डेव्हलपर कॉन्फरन्स. जॉब्सनं सांगितलं की मॅक ओएस टेन गेली पाच वर्षं दुहेरी आयुष्य जगतीये, म्हणजे तिची प्रत्येक आवृत्ती पॉवरपीसीसाठी आणि इंटेलसाठी, दोन्हीसाठी गुपचूप कंपाइल होत होती, म्हणजे लिहिलेल्या कोडचं त्या त्या चिपच्या आज्ञांमध्ये रूपांतर होत होतं. पडद्यावर ॲपलच्या कॅम्पसचा वरून काढलेला फोटो टाकून त्यानं कुठल्या बिल्डिंगमध्ये हे काम चालायचं ते पण दाखवलं. आणि मग सांगितलं की सकाळपासून तुम्ही जे डेमो बघताय ते सगळे या ३.६ गिगाहर्ट्झ पेन्टियम ४ वर चाललेत. हजारो डेव्हलपर बसलेले आणि कुणालाच कळलं नव्हतं.

लोकांना यातला नाट्याचा भाग आठवतो. मला त्या पाच वर्षांचं कौतुक वाटतं. विचार करा, २००० ते २००५ रोज कुणीतरी बसून असा बिल्ड, म्हणजे ओएसची चालणारी तयार प्रत, काढतंय जो विकायचा नाहीये, कुणाला दाखवायचा नाहीये, कदाचित कधीच लागणार नाहीये. पॉवरपीसीवर चालणारी पण इंटेलवर तुटणारी प्रत्येक ओळ त्याच आठवड्यात सापडतीये आणि तिथल्या तिथं दुरुस्त होतीये. हेच काम २००५ ला सुरू केलं असतं तर पाच वर्षांचा कचरा एकदम उपसावा लागला असता. आणि हे काही शून्यातून नव्हतं आलेलं. मॅक ओएस टेनचं मूळ नेक्स्टस्टेपमध्ये, जी ॲपलनं नेक्स्ट कंपनी विकत घेतल्यावर आली, आणि नेक्स्टस्टेप १९९३ पासूनच इंटेलवर चालत होती. एकाच फाइलमध्ये दोन-तीन प्रोसेसरचा कोड भरून ठेवायची सोयही तिच्यात होती, तीच पुढं युनिव्हर्सल बायनरी या नावानं आली. थोडक्यात वाट जुनीच होती, तिच्यावर गवत उगवू दिलं नाही एवढंच केलं, आणि तेच फार महत्त्वाचं ठरलं.

घोषणेच्या दिवशीच इंटेलचा सीईओ पॉल ओटेलिनी स्टेजवर आला, त्यानं ती भाजलेल्या सूटवाल्याची जाहिरात हसत हसत स्वतःच दाखवली. वोल्फ्रम रिसर्चचा थिओ ग्रे आला, त्यानं सांगितलं की त्यांचा गणिताचा प्रोग्रॅम मॅथेमॅटिका एवढा अवाढव्य असून थोड्याच तासांत हलला आणि जेमतेम वीस ओळी बदलाव्या लागल्या. हे खरं होतं, पण त्यानं एक चुकीचं चित्रही तयार झालं. मॅथेमॅटिका आधीपासून भरपूर वेगवेगळ्या मशीनवर चालायचा, त्यांना दुसऱ्या चिपची सवयच होती. ज्यांनी जन्मभर फक्त मॅकसाठी, तेही हाताशी आलेल्या शॉर्टकटनं कोड लिहिला त्यांचं काम वीस ओळींत होणार नव्हतं.

डेव्हलपर लोकांना ९९९ डॉलरला एक ट्रान्झिशन किट मिळायचं, बाहेरून पॉवर मॅक जी५ चाच डबा, आत पेन्टियम ४. ते विकत नव्हतं, भाड्यानं म्हणा, २००६ संपेपर्यंत परत द्यायचं. नंतर ॲपलनं परत देणाऱ्यांना त्या बदल्यात कोअर ड्युओचा आयमॅक दिला, जे मला चांगलं वाटलं, कारण बदलाचा खर्च सगळ्यात आधी ज्यांनी उचलला त्यांच्या हातात काहीतरी आलं.

आता कोड हलवताना नेमकं काय मोडायचं ते जरा जवळून बघू, कारण खरी मजा यातच आहे. समजा चार बाइटचा एक आकडा मेमरीत ठेवायचाय, बाइट अनुक्रमे १२, ३४, ५६, ७८. पॉवरपीसी तो जसा लिहिला तसाच ठेवते, मोठा बाइट आधी. इंटेल उलटा ठेवते, ७८, ५६, ३४, १२. मेमरीतल्या मेमरीत काहीच फरक पडत नाही, जो तो आपल्या पद्धतीनं लिहितो आणि वाचतो. पण तोच आकडा फाइलमध्ये जसाच्या तसा ओतला आणि ती फाइल दुसऱ्या मशीनवर उघडली की आकड्याचा पार विचका. पॉवर मॅकवर सेव्ह केलेलं डॉक्युमेंट इंटेल मॅकवर उघडलं तर रुंदी ३०० पिक्सेलच्या ऐवजी ७३ कोटींहून जास्त पिक्सेल वाचली जाणार आणि प्रोग्रॅम तिथंच आडवा. नेटवर्कचं तर अजून इंटरेस्टिंग, इंटरनेटवर आकडे मोठा बाइट आधी अशाच क्रमानं पाठवायचा नियम आहे, म्हणजे पॉवरपीसीचाच क्रम, त्यामुळे ज्यांनी पाठवण्याआधी क्रम बदलायचं फंक्शन वापरायचा आळस केला त्यांचाही प्रोग्रॅम वर्षानुवर्षं सुरळीत चालला. चूक होती पण दिसत नव्हती. इंटेलवर गेल्यावर पहिल्या दिवशी दिसली.

दुसरं उदाहरण शून्यानं भागायचं. पॉवरपीसीवर पूर्णांकाला शून्यानं भागलं तर प्रोग्रॅम काही बोलायचा नाही, उत्तर शून्य मिळायचं आणि काम पुढं. इंटेलवर तेच केलं की प्रोसेसर थेट बोंब मारतो आणि प्रोग्रॅम क्रॅश. म्हणजे कुठंतरी रिकाम्या विंडोची सरासरी काढताना शून्यानं भागलं जात असेल, जुन्या मॅकवर कुणाच्या लक्षात पण आलं नसेल, आणि नव्या मशीनवर विंडो रिकामी झाली की ॲप बंद. हे असले बग कंपाइलर दाखवत नाही, वापरूनच सापडतात, आणि म्हणून प्रोग्रॅम बनवायच्या ॲपलच्या एक्सकोड या टूलमध्ये एका चेकबॉक्सवर टिक केली की युनिव्हर्सल झालं असं जे सांगितलं गेलं ते पहिल्या बिल्डपुरतं खरं होतं, रिलीझपुरतं नव्हतं. शिवाय ज्यांनी जी४, जी५ च्या अल्टिव्हेक युनिटसाठी, म्हणजे एकाच वेळी बरेच आकडे हाताळणाऱ्या भागासाठी, हातानं कोड घोटून काढला होता, ऑडिओवाले, व्हिडिओवाले, त्यांना तो सगळा इंटेलच्या तसल्याच एसएसईसाठी परत लिहावा लागला.

ज्यांचे प्रोग्रॅम हललेले नाहीत त्यांच्यासाठी रोझेटा होता. मँचेस्टर युनिव्हर्सिटीतून निघालेल्या ट्रान्झिटिव्ह कंपनीचं तंत्रज्ञान, पॉवरपीसीच्या आज्ञा चालता चालता इंटेलच्या आज्ञांमध्ये बदलायच्या आणि बदललेलं जपून ठेवायचं. युजरला काहीच करावं लागायचं नाही, आयकॉनवर डबल क्लिक, बस. वर्ड, छोटे प्रोग्रॅम, हिशोबाचे प्रोग्रॅम आरामात चालायचे कारण त्यांचा बराच वेळ तुम्ही टाइप करायची वाट बघण्यातच जातो. पण मर्यादा होत्या आणि त्या टोचणाऱ्या होत्या. इंटेलसाठी बनलेल्या प्रोग्रॅममध्ये पॉवरपीसीचं प्लगइन, म्हणजे वरून जोडलेला छोटा प्रोग्रॅम, चालत नव्हतं, एका प्रोसेसमध्ये दोन्ही भाषा नाहीत. मॅक ओएस ९ च्या जमान्यातले प्रोग्रॅम चालवणारं क्लासिक इंटेलवर आलंच नाही. खास जी५ साठी लिहिलेलं चालत नव्हतं. आणि मेमरी खायचा भरपूर.

वेळापत्रक असं सांगितलेलं की पहिली मशीनं जून २००६ पर्यंत आणि सगळी लाइन २००७ संपेपर्यंत. प्रत्यक्षात १० जानेवारी २००६ लाच इंटेलचा आयमॅक आणि मॅकबुक प्रो जाहीर झाले, फेब्रुवारीत मॅक मिनी, मे मध्ये मॅकबुक, ७ ऑगस्टला मॅक प्रो. सात महिन्यांत सगळी फळी बदलली. आयमॅकचं बाहेरचं रूप तसंच ठेवलं, किंमतही तीच १२९९ डॉलर, आणि हे मुद्दाम केलं असणार असं मला वाटतं, गिऱ्हाइकाला वाटलं पाहिजे की मॅक तोच आहे, जास्त पळतोय एवढंच. एप्रिलमध्ये बूट कॅम्पची बीटा आली आणि मॅकवर विंडोज सरळ चालायला लागलं. ऑफिसात एक तरी विंडोजचा प्रोग्रॅम लागतोच म्हणून मॅक न घेणाऱ्यांची मोठी अडचण गेली.

मग अडलं कुठं? अडोबीत. फोटोशॉपचा सगळा प्रचंड कोड मेट्रोवर्क्सच्या कोडवॉरिअर नावाच्या टूलमध्ये होता, आणि युनिव्हर्सल बायनरी निघायची ती फक्त ॲपलच्या एक्सकोडमधून. म्हणजे आधी वीसेक वर्षांचा कोड एका टूलमधून दुसऱ्या टूलमध्ये न्यायचा, आणि मग इंटेलचं काम. अडोबीनं स्पष्ट सांगितलं की सीएस२ ची इंटेल आवृत्ती निघणार नाही, पुढच्या आवृत्तीतच मिळेल. ती सीएस३ आली एप्रिल २००७ ला. म्हणजे ज्या लोकांच्या जिवावर मॅक नव्वदीत तगला, डिझाइनवाले, छपाईवाले, आपल्याकडच्या मुंबईतल्या ॲड एजन्सीचे स्टुडिओसुद्धा, त्यांना पंधरा महिने नव्या मशीनवर फोटोशॉप रोझेटातून चालवायचा किंवा जुना जी५ धरून बसायचा. त्यांनी जी५ धरून बसणंच शहाणपणाचं होतं.

ऑफिसचं तर त्याहून वाईट झालं. मायक्रोसॉफ्टनं जानेवारी २००६ मध्ये निदान पाच वर्षं मॅकसाठी ऑफिस देत राहायचा करार केला, पण मॅक्रो, म्हणजे एका बटणावर आपोआप होणारी कामं, चालवणारं व्हिज्युअल बेसिकचं जुनं इंजिन पॉवरपीसीच्या मशीन कोडला इतकं चिकटलेलं होतं की ते हलवण्यापेक्षा त्यांनी काढूनच टाकलं. जानेवारी २००८ ला ऑफिस आलं, बिनमॅक्रोचं. ज्या अकाउंट्सवाल्यांचा महिन्याचा हिशोब एक्सेलच्या मॅक्रोवर चालायचा त्यांचा मॅकवरचा रस्ताच बंद झाला, आणि ते परत आलं थेट ऑफिस २०११ मध्ये. एका चिपच्या बदलानं स्प्रेडशीटमधलं बटण जवळजवळ तीन वर्षं गायब होतं, साखळी कुठवर जाते बघा.

विक्रीचं काय झालं हाही प्रश्न होताच. वर्षभर आधी सांगून टाकलं की हे मशीन आता जाणार, मग मधल्या काळात ते घेणार कोण? १९८० च्या दशकात ऑस्बोर्न कंपनीबद्दल असंच बोललं जातं, पुढचं मॉडेल आधी जाहीर केलं आणि चालू मॉडेलची विक्री बसली. ॲपलला गुप्तता परवडणारी नव्हती, डेव्हलपरना वेळ द्यायचा तर जाहीर करावंच लागणार. पण मॅकची विक्री पडली नाही, २००५ च्या आर्थिक वर्षात सुमारे ४५ लाख, २००६ मध्ये ५३ लाख, २००७ मध्ये ७० लाख. शिवाय पाठीशी आयपॉड होता, २००५ च्या नाताळच्या तिमाहीत १ कोटी ४० लाख विकले गेले. मॅकची विक्री वर्षभर बसली असती तरी कंपनी उभी राहिली असती, आणि ही उशी नसती तर एवढा धाडसी निर्णय त्याच वेळी झाला असता का याबद्दल मला शंका आहे. कुणी हे प्रकरण आपल्या कंपनीसाठी नमुना म्हणून घेत असेल तर आयपॉड वगळून हिशोब करू नका.

ज्यांचं नुकसान झालं त्यांच्याबद्दल फार कमी लिहिलं जातं. ऑक्टोबर २००५ मध्ये, म्हणजे घोषणेच्या चार महिन्यांनंतर, ॲपलनं चार कोअरचा पॉवर मॅक जी५ विकायला काढला, ३२९९ डॉलर. अफाट ताकदीचं मशीन. त्यावर चालणारी शेवटची ओएस २००७ ची लेपर्ड, ऑगस्ट २००९ ला स्नो लेपर्ड आली ती फक्त इंटेलसाठी. चार वर्षं पण नाही झाली. आणि जे उत्साहानं पहिले इंटेल मॅक घेऊन बसले त्यांचंही फार बरं नाही, कारण कोअर ड्युओ ३२ बिटचा होता, म्हणजे एका दमात लहान आकडे हाताळणारा, ज्याला सोडून आलो तो जी५ मात्र ६४ बिटचा. २०११ मध्ये पुढची ओएस लायन आली तेव्हा तिला ६४ बिट लागायचं, पहिली कोअर ड्युओ मशीनं बाहेर. त्याच लायनमध्ये रोझेटाही काढून टाकला, त्यामुळे कुणाचा पॉवरपीसीचा जुना प्रोग्रॅम उरला असेल आणि बनवणारी कंपनी बंद झाली असेल तर फाइली तिथंच अडकल्या. कंपनीला असं कापून टाकता आलं म्हणूनच ती पुढं जाऊ शकली हे मला मान्य आहे, पण चार महिने आधी जाहीर करून मग सव्वातीन हजार डॉलरचं मशीन विकायचं असेल तर त्याला किती वर्षं सांभाळणार हे तेव्हाच सांगायला हवं होतं.

२०२० ला ॲपल स्वतःच्या चिपवर गेली तेव्हा अडोबी आणि मायक्रोसॉफ्ट या दोन जखमा तिच्या चांगल्याच लक्षात होत्या. २०१९ च्या कॅटालिना या ओएसमध्ये ३२ बिटचे सगळे प्रोग्रॅम आधीच बंद केले होते, म्हणजे जुना कोड वर्षभर आधीच गाळून घेतला. २२ जून २०२० च्या घोषणेतच वर्ड, एक्सेल आणि फोटोशॉप नव्या चिपवर थेट चालताना दाखवले. नोव्हेंबरमध्ये एम१ ची मशीनं आली, डिसेंबरमध्ये ऑफिस, आणि मार्च २०२१ मध्ये फोटोशॉप, म्हणजे मागच्या वेळी जिथं पंधरा महिने लागले होते तिथं चार, कारण एव्हाना बहुतेकांचा कोड एक्सकोडमध्ये होता.